रोजा, शुगर आणि बीपी : सवलत घेणे हीसुद्धा इबादत

पहाटेचे साडेचार वाजलेत. स्वयंपाकघरात दिवा लागला आहे, तव्यावर शेवटची चपाती फुगते आहे. ताटाशेजारी स्टीलच्या डबीत गोळ्यांची पाकिटे आहेत, एक शुगरचे आणि एक बीपीचे. घरातले वडीलधारे, वय पासष्टच्या पुढचे, दोन्ही पाकिटांतली एकेक गोळी तळहातावर घेतात. सून विचारते, "अब्बा, डॉक्टरांना विचारलंत ना, या वेळेला घेतल्या तर चालतील म्हणून?" ते पाण्याचा पेला उचलत म्हणतात, "डॉक्टरांना काय विचारायचं बेटा? ते रोजाच नको म्हणतील."

दुपारी चार-साडेचारला, असरच्या नमाजनंतर, हेच गृहस्थ मशिदीच्या खांबाला टेकून बसतात. कपाळावर घाम आलेला असतो, समोरचे चेहरे किंचित पुसट दिसतात. शेजारचा विचारतो, "काय झालं चाचा?" उत्तर ठरलेले असते, "काही नाही, आज रोजा जरा लागला." इफ्तारला अजून दोन तास बाकी असतात. खिशात खडीसाखरेची पुडी असते, पण ती बाहेर निघत नाही, कारण आसपास सगळे रोजेदार बसलेले असतात.

हे चित्र कोणा एका घराचे नाही. ज्या गल्लीत रमजानची रोषणाई लागते, त्या प्रत्येक गल्लीत असे एक तरी घर सापडेल. "रोजा लागला" हे शब्द कधी खरोखर भुकेबद्दल असतात, तर कधी त्यांच्याआड रक्तातली साखर धोक्याच्या पातळीखाली गेलेली असते किंवा रक्तदाब घसरलेला असतो. बऱ्याचदा दोन्ही एकदमच घडते, कारण हे दोन आजार सहसा एकेकटे राहत नाहीत.

एकाच घरातले दोन भाडेकरू

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि 35.5 टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. मधुमेह असलेल्या माणसाला उच्च रक्तदाब असण्याची शक्यता इतरांच्या मानाने सुमारे दुप्पट असते. म्हणूनच शुगरची पहिली चिठ्ठी लिहून देताना डॉक्टर दंडाला पट्टा गुंडाळून बीपीही बघतात.

हे नाते समजून घ्यायला फार मोठे शास्त्र लागत नाही. टाइप 2 मधुमेहात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडू लागते. रक्तात वाढलेले हे इन्सुलिन मूत्रपिंडांना मीठ धरून ठेवायला लावते. मीठ थांबले की पाणीही थांबते आणि रक्तवाहिन्यांतला दाब चढतो. दुसरीकडे रक्तात सतत जास्त असलेली साखर रक्तवाहिन्यांच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा करते. वाहिन्या लवचीक राहत नाहीत, कडक होतात. जुन्या, कडक झालेल्या रबरी नळीतून तेवढेच पाणी सोडले तरी जोर जास्त लागतो, तसाच हा प्रकार.

इन्सुलिनला दाद न देणे, वाढता रक्तदाब आणि रक्तातल्या चरबीचा बिघाड हे सगळे एकाच गटात मोडते, ही मांडणी अमेरिकेतले डॉ. जेराल्ड रीवेन यांनी 1988 मध्ये केली. आज तिला 'मेटाबॉलिक सिंड्रोम' म्हणतात. पोटाचा वाढलेला घेर ही त्याची बाहेरून दिसणारी खूण.

सर्वांत जास्त झळ बसते ती मूत्रपिंडांना. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. साखर त्यांची जाळी बिघडवते आणि वाढलेला दाब ती फाडतो. गाळण्या कमी झाल्या की मूत्रपिंड रक्तदाब आणखी वाढवते, आणि वाढलेला दाब उरलेल्या गाळण्यांवर येतो. या चक्राला सुरुवातीची कित्येक वर्षे दुखणे नसते, की ताप नसतो. लघवीतले प्रथिन, म्हणजे अल्ब्युमिन, तपासले तरच ते वेळेत कळते. डोळ्यांच्या पडद्यावरही हेच घडते, हृदयात आणि मेंदूतही.

यात दिलाशाची गोष्ट अशी की, एकाला आवरले तर दुसऱ्याचाही जोर कमी होतो. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासात टाइप 2 मधुमेह आणि उच्च रक्तदाब असे दोन्ही असलेल्या 1,148 रुग्णांच्या रक्तदाबाकडे लक्ष दिले गेले. एका गटाचा रक्तदाब सरासरी 144/82 वर आणला गेला, दुसऱ्याचा 154/87 वर राहिला. फरक वरच्या आकड्यात फक्त दहाचा. पण 1998 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा पहिल्या गटात पक्षाघाताचे प्रमाण 44 टक्क्यांनी आणि मधुमेहाशी निगडित मृत्यू 32 टक्क्यांनी कमी दिसले. "शुगर सांभाळतो, बीपीचं काय एवढं?" म्हणणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत.

दिवसभर उतार, रात्री चढ

आता या जोडीला रमजानच्या दिनक्रमात ठेवून बघू. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आहे. सहरी संपण्यापासून सूर्यास्तापर्यंतचा वेळ आपल्याकडे तेरा तासांच्या आसपास जातो. 2018 मध्ये तो मे-जूनच्या उन्हात आला होता, तेव्हाच्या मानाने हे दिवस सोपे आहेत. तरी मार्चचे ऊन मराठवाड्यात आणि विदर्भात सौम्य नसते.

निरोगी माणसाचे शरीर हे तास सहज निभावते. यकृतातला साठा हळूहळू वापरला जातो, इन्सुलिन आपोआप कमी होते. पण ज्याने सहरीला साखर उतरवणारी गोळी घेतली आहे, त्याच्या शरीरात ती गोळी दुपारीही आपले काम करत राहते. पोटात अन्न आहे की नाही, हे तिला ठाऊक नसते. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्यांमध्ये आणि इन्सुलिनमध्ये हा धोका जास्त. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्यांना तो बराच कमी.

बीपीच्या गोळीचेही तसेच. रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांत लघवी वाढवणारे औषध मिसळलेले असते. ते सहरीला घेतले तर सकाळी दहापर्यंत शरीरातले पाणी बाहेर पडते आणि भरून काढायला दिवसभर पाण्याचा थेंब नसतो. त्यातच साखर वाढलेली असेल तर लघवी आणखी होते. मग सजद्यातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस पडतो, मूत्रपिंडांवर ताण येतो. शुगरच्या नव्या गोळ्यांपैकी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्यांच्याबरोबर पाणीही जाते.

एक गोष्ट तर क्वचितच कोणी सांगते. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल या गटातल्या बीपीच्या गोळ्या हृदयाची गती आवरतात. साखर एकदम खाली गेली की शरीर ज्या हाका मारते, म्हणजे छातीत धडधड आणि हातांना कापरे, त्या हाकाच या गोळ्या दाबून टाकतात. घाम मात्र येतो. म्हणजे बीपीची गोळी शुगरचा इशारा झाकते. खांबाला टेकलेल्या त्या चाचांच्या कपाळावरचा घाम म्हणूनच महत्त्वाचा.

मग अजान होते आणि चित्र उलटे फिरते. तीन खजूर, त्यावर गुलाबी सरबताचा मोठा पेला, कांदाभजी, समोसे, चाट मसाला भुरभुरलेली फळे, नंतर जेवण आणि शेवटी काहीतरी गोड. तासाभरात साखर उसळी मारते. भजी, फरसाण, पापड, लोणचे यांतले मीठ रात्री रक्तदाब चढवते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही. इफ्तारच्या एका दस्तरखानावर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. ज्या शरीराला दिवसभर उतार सोसावा लागला, त्यालाच रात्री चढ चढावा लागतो. असे तीस दिवस.

हा धोका किती, याचे मोजमाप झालेले आहे. भारतासह 13 देशांतल्या बारा हजारांहून अधिक मधुमेही मुस्लिमांची एपिडियार नावाची पाहणी 2001 मध्ये झाली. टाइप 2 मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे 79 टक्के लोकांनी किमान पंधरा रोजे ठेवले होते. दवाखान्यात दाखल करावे लागेल इतकी साखर उतरण्याचे प्रमाण त्यांच्यात रमजानमध्ये एरवीच्या साडेसातपट झाले. टाइप 1 मध्ये ते 4.7 पट होते. अशा घटना मुळात थोड्या असल्या, तरी ही वाढ लहान नाही. लोक रोजे ठेवणारच, हे या पाहणीने दाखवले. तेव्हा "ठेवू नका" एवढे सांगून डॉक्टरांचे काम संपत नाही आणि "ठेवतोच" म्हणून रुग्णाचेही संपत नाही.

सवलत कोणी दिली?

कुरआनमध्ये रोजाचा आदेश सूरह अल-बकरामध्ये येतो आणि लगेच पुढे, 184 आणि 185 या आयतींमध्ये, आजारी आणि प्रवासी माणसाला सूट दिलेली आहे. त्यांनी ते दिवस नंतर भरून काढावेत. ज्यांना रोजा झेपतच नाही, त्यांच्यासाठी एका गरजूला जेवण देण्याची वाट सांगितली आहे. अल्लाहला माणसांसाठी सुलभता हवी आहे, अडचण नको, हा आशयही तिथेच येतो. म्हणजे सूट मागाहून कोणी काढलेली पळवाट नाही. ज्या ठिकाणी हुकूम आहे, त्याच ठिकाणी सवलत आहे. तिला रुख्सत म्हणतात.

हदीसच्या संग्रहांत एक प्रसंग आहे. हिजरी सन 8 मध्ये मक्केकडे निघालेला काफिला रमजानमध्ये प्रवासात होता. लोकांना रोजा जड जातो आहे, पण पैगंबर काय करतात याकडे सगळे बघत आहेत, असे पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या कानावर आले. असरनंतर त्यांनी पाण्याचे भांडे मागवले, सर्वांना दिसेल असे वर धरले आणि पाणी प्यायले. त्यांना ते तंबूत एकट्यानेही पिता आले असते. सर्वांदेखत प्यायले, म्हणून इतरांचा संकोच गेला.

वेळ असरचीच होती. मशिदीत खांबाला टेकून बसलेल्या आणि खिशातली खडीसाखर बाहेर न काढणाऱ्या आजोबांसाठी याहून स्पष्ट उत्तर कोणते असणार? त्यांना अडवतो तो धर्म नव्हे. "लोक काय म्हणतील" आणि "चाळीस वर्षांत एक रोजा चुकला नाही" हा अभिमान त्यांना अडवतो. जीव धोक्यात असताना रोजा सोडण्याची परवानगी आहे, यावर उलेमांमध्ये दुमत नाही.

रोजा सुटला तर पुढे काय, हेही ठरलेले आहे. आजार तात्पुरता असेल किंवा नंतर रोजा झेपणार असेल, तर कजा, म्हणजे तितके रोजे पुढे कधीतरी ठेवायचे. डिसेंबर-जानेवारीत दिवस लहान आणि थंड असतात. कितीतरी लोक डॉक्टरांच्या सल्ल्याने कजा तेव्हा, एकेक करून पुरे करतात. आजार कायमचा असेल आणि रोजा पुन्हा झेपण्याची आशा नसेल, तर फिदया. हनफी परंपरेत एका रोजाचा फिदया साधारण पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत असा धरतात. स्थानिक मशिदीत दरवर्षीचा हिशेब मिळतो. तीस रोजांचा फिदया म्हणजे एखाद्या गरीब घराच्या महिनाभराच्या पिठाची सोय. हा रोजाही कोणाच्या तरी पोटापर्यंत पोचतो.

रमजानच्या आधी, रमजानमध्ये

मधुमेहाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने 'डार' या संघटनेबरोबर रमजानसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. 2021 मध्ये त्या सुधारून पुन्हा प्रसिद्ध झाल्या. त्यांचे सार घरगुती भाषेत असे :

डॉक्टरांकडे रमजानच्या सहा-आठ आठवडे आधी जावे. यंदा ते राहिले असेल तर उद्या जावे. "रोजा ठेवू का?" एवढेच विचारू नये. "माझ्या सगळ्या गोळ्या बघा, कोणती सहरीला, कोणती इफ्तारला, कोणती कमी करायची ते लिहून द्या," असे म्हणावे. डॉक्टर कोणत्याही धर्माचे असोत, असे विचारले की बहुतेक जण समजून घेतात. साखरेची आणि बीपीची चिठ्ठी वेगवेगळ्या डॉक्टरांची असेल तर दोन्ही एकाच्या समोर ठेवाव्यात. साधारणपणे दिवसातून एकदा घ्यायची शुगरची गोळी इफ्तारला सरकवतात, लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी नेतात, इन्सुलिनचे प्रमाण बदलतात. पण हे बदल प्रत्येकाचे वेगळे असतात. शेजाऱ्याचे बघून किंवा स्वतःच्या मनाने करू नयेत. गोळी बंद करणे तर मुळीच नको.

टाइप 1 मधुमेह, डायलिसिस किंवा मूत्रपिंडाचा वाढलेला आजार, नुकताच येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात, ताब्यात नसलेला रक्तदाब, गेल्या काही महिन्यांत साखर उतरून बेशुद्ध पडण्याची वेळ, इन्सुलिन घेणारी गरोदर स्त्री यांच्यासाठी रोजा धोक्याचा आहे. त्यांनी रुख्सत घ्यावी.

बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही. इन्सुलिनच्या इंजेक्शननेही तुटत नाही, असे बहुसंख्य उलेमांचे मत आहे. ही गोष्ट मोहल्ल्यात मोठ्याने सांगायला हवी, कारण या एका गैरसमजापायी ग्लुकोमीटर महिनाभर कपाटात पडून राहतो. सकाळी, दुपारी आणि असरच्या सुमारास तपासावे. आकडा 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेला, तर रोजा त्याच क्षणी सोडावा. अर्धा तास उरला आहे म्हणून थांबू नये. आकडा ठीक असूनही घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ, छातीत दुखणे, चक्कर असे काही झाले तरी तेच. साखर उतरली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा.

सहरी चुकवू नये आणि ती शक्य तितकी उशिरा करावी. दूध-फेणी आणि साखरेपेक्षा ज्वारीची भाकरी, डाळ, अंडे, दही, भाजी जास्त वेळ साथ देते. इफ्तारला खजूर विषम संख्येत खायची रीत आहे. एक हाही विषम आकडाच आहे! सरबताऐवजी पाणी, साधे ताक, तेही बिनमिठाचे. भजी रोज नको, शुक्रवारी दोन चालतील. फळे कापून तशीच खावीत. चाट मसाला आणि काळे मीठ म्हणजेही मीठच. इफ्तार ते सहरी पाणी थोडे थोडे पीत राहावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून सांगितले असेल तर तेवढेच. तरावीहची नमाज हा चांगला व्यायाम आहे, तेव्हा इफ्तारच्या आधी वेगळे चालायला जायची गरज नाही. तरावीहला जाताना मात्र पाण्याची बाटली बरोबर असावी.

शेजारच्या घरातही

या पानाचे जे वाचक रोजे ठेवत नाहीत, त्यांच्याही घरात ही दोन पाकिटे असतील. नवरात्राचे नऊ दिवस, निर्जला एकादशी, श्रावणी सोमवार, पर्युषण यांतही तोच प्रश्न असतो आणि तीच लपवाछपवी. "उपवास आहे म्हणून आज गोळी घेतली नाही" हे वाक्य कोणत्या घरात ऐकू येत नाही? साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वेफर्स हे शुगरला भज्यांइतकेच जड. आणि सैंधव उपवासाला चालत असले तरी बीपीच्या दृष्टीने ते मीठच आहे. एखादी आजी आपल्या निर्जला एकादशीबद्दल आणि एखादी नानी आपल्या रोजाबद्दल जे बोलते, ते जवळजवळ सारखेच असते, "एवढी वर्षं केलं, आता काय सोडायचं?"

इफ्तारला बोलावणाऱ्या शेजाऱ्यांना आणि मित्रांनाही एक करता येईल. मिठाईच्या डब्याऐवजी कलिंगड, पेरू, भाजलेले चणे न्यावेत. आणि पाहुण्यांतला एखादा चाचा कोपऱ्यात गप्प बसलेला, घामेजलेला दिसला, तर "रोजा लागला असेल" म्हणून सोडून देऊ नये.

त्या घरात संध्याकाळी सुनेने काय केले? तिने वाद घातला नाही. दोन्ही पाकिटे आणि ग्लुकोमीटर पिशवीत घातले, सासऱ्यांना म्हणाली, "अब्बा, तरावीहच्या आधी डॉक्टरांकडे जाऊन येऊ. रोजा सोडा म्हणायला नाही, कसा ठेवायचा ते विचारायला." ते उठले. डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या, आठवड्यातून किती रोजे झेपतील ते सांगितले आणि कागदावर ठळक अक्षरांत दोन आकडे लिहिले, 70 आणि 300. तो कागद आता खिशात खडीसाखरेच्या पुडीबरोबर असतो. पुडी बाहेर काढायची वेळ आली, तर ती सर्वांदेखत काढायची, हे घरात ठरले आहे.